पर्यायी गुंतवणूक फंड व हेज फंड : भारतातील नियमन

सर्वसामान्य लोकांना आवाहन न करता, मोजक्या धनिक व्यक्ती आणि संस्था यांच्याकडून खासगी रीतीने पैसा गोळा करून तो ठरलेल्या धोरणानुसार गुंतवणारा फंड म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड. व्यवहारात ‘एआयएफ’ हेच नाव रूढ आहे. नवउद्योगांना भांडवल पुरवणारे व्हेंचर कॅपिटल फंड, शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांत भागीदारी घेणारे प्रायव्हेट इक्विटी फंड, कंपन्यांचे कर्जरोखे घेणारे फंड आणि उसनवारी व गुंतागुंतीचे सौदे करून नफा शोधणारे हेज फंड हे सारे यात मोडतात. भारतात त्यांचे नियमन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेली भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबी करते. त्याचा आधार म्हणजे २१ मे २०१२ रोजी अधिसूचित झालेली सेबी (पर्यायी गुंतवणूक फंड) विनियमावली. त्याआधी १९९६ ची व्हेंचर कॅपिटल फंड नियमावली होती. पण तिच्या चौकटीत न बसणारे खासगी फंड वाढत गेले आणि नवी, व्यापक नियमावली करावी लागली.

अशा फंडांवर नियंत्रण हवेच कशाला, हा प्रश्न बरीच वर्षे गंभीरपणे विचारला जात असे. पैसा श्रीमंतांचा, जोखीम त्यांची, मग सरकारने मध्ये का पडावे? १९९८ मध्ये अमेरिकेतील लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट (एलटीसीएम) या हेज फंडाने याचे उत्तर दिले. त्या वर्षाच्या सुरुवातीला फंडाचे स्वतःचे भांडवल पाच अब्ज डॉलरच्या आत होते आणि त्यावर उभारलेली मालमत्ता सुमारे १२५ अब्ज डॉलरची. ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, बाजार उलटले आणि काही आठवड्यांत फंड बुडायला आला. त्याला उसने देणाऱ्या मोठ्या बँकाच अडचणीत येतील, या भीतीने न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने पुढाकार घेतला आणि १४ वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतले. जोखीम श्रीमंतांपुरती राहत नाही. उसनवारीच्या वाटेने ती बँकांपर्यंत आणि तिथून ठेवीदारांपर्यंत पोहोचते, हे त्या प्रकरणात दिसले. तरी कायदे झाले ते २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतरच : अमेरिकेत २०१० चा डॉड-फ्रँक कायदा आणि युरोपीय संघात २०११ चा पर्यायी गुंतवणूक फंड व्यवस्थापकांविषयीचा निर्देश, जो २२ जुलै २०१३ पासून लागू झाला. युरोपात परवाना घ्यावा लागतो तो फंडाच्या व्यवस्थापकाला. भारतात नोंदणी होते ती फंडाची. व्यवस्थापकावरील बंधने त्या नोंदणीच्या अटी म्हणून येतात.

सेबीने फंडांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात समाजाला उपयोगी मानलेले फंड येतात : व्हेंचर कॅपिटल, लघु व मध्यम उद्योग, सामाजिक कार्य आणि पायाभूत सुविधा यांसाठीचे, तसेच २०१३ मध्ये समाविष्ट झालेले, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातील उद्योगांत पैसा घालणारे एंजल फंड. तिसऱ्या वर्गात हेज फंड व त्यांसारखे गुंतागुंतीचे व्यवहार करणारे फंड. या दोन्हींत न बसणारे सगळे दुसऱ्या वर्गात. आणि सर्वाधिक पैसा याच वर्गात आहे. मार्च २०२५ पर्यंत तिन्ही वर्गांत मिळून गुंतवणूकदारांनी देऊ केलेली रक्कम १३ लाख कोटी रुपयांच्या वर गेली होती.

प्रवेशाची अट रकमेची आहे. एका गुंतवणूकदाराने किमान १ कोटी रुपये द्यायचे (फंडाच्या कर्मचाऱ्यांना व संचालकांना २५ लाख) आणि एका योजनेत १,००० पेक्षा जास्त गुंतवणूकदार घ्यायचे नाहीत. एंजल फंडांचे नियम वेगळे आहेत. पैसा एकदम द्यावा लागत नाही; व्यवस्थापक गरजेप्रमाणे हप्त्यांनी मागवतो. मात्र रकमेची अट म्हणजे जाणकारीची खात्री नव्हे. महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात कोटभर रुपये येऊ शकतात. त्याला कर्जरोख्यांच्या फंडाचे माहितीपत्रक समजेलच असे नाही. २०२१ मध्ये सेबीने ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ ही संकल्पना आणली, पण तिचाही निकष उत्पन्न आणि मालमत्ता हाच आहे : व्यक्तीसाठी वार्षिक २ कोटींचे उत्पन्न, किंवा किमान निम्मी वित्तीय स्वरूपात असलेली साडेसात कोटींची मालमत्ता, किंवा दोन्हींचा ठरावीक मेळ. नियमावलीचा हा सर्वांत कच्चा दुवा म्हणावा लागेल.

हेज फंडांबाबतचे नियम मात्र नेमके आहेत. पहिल्या दोन वर्गांना गुंतवणुकीसाठी कर्ज काढता येत नाही. तात्पुरत्या गरजेसाठी काढले तर ३० दिवसांपुरते, वर्षातून चारदाच आणि गुंतवणूकयोग्य निधीच्या १० टक्क्यांपर्यंत. तिसऱ्या वर्गाला ती मुभा आहे, पण जुलै २०१३ च्या परिपत्रकाने तिला मर्यादा घातली : फंडाने बाजारात लावलेल्या सौद्यांची एकूण रक्कम, म्हणजे एक्स्पोजर, निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. ही मर्यादा पडत्या बाजारात कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. फंडाची निव्वळ मालमत्ता १०० कोटी आणि एक्स्पोजर २०० कोटी धरू. बाजार १० टक्क्यांनी पडला की २० कोटींचे नुकसान होते. मालमत्ता ८० कोटींवर येते आणि एक्स्पोजर १८० कोटींवर, म्हणजे सव्वादोन पट. मर्यादा मोडली. आता फंडाने त्याच दिवशी कस्टोडियनला, म्हणजे फंडाचे रोखे सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवायचे, कस्टोडियनने दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी सेबीला, फंडाने गुंतवणूकदारांनाही. आणि त्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस जादा सौदे मिटवून एक्स्पोजर १६० कोटींवर आणायचे. पडत्या बाजारात विकण्याची ही सक्ती फंडाला जाचते, अनेक फंड एकदम विकू लागले तर घसरण वाढूही शकते. तरीही दुपटीची कमाल मर्यादा पाळली तर एलटीसीएमसारखा डोलारा मुळात उभाच राहू शकत नाही, आणि हा लाभ मोठा आहे.

व्यवस्थापकाने स्वतःचा पैसाही गुंतवून ठेवावा, हे दुसरे महत्त्वाचे बंधन. पहिल्या दोन वर्गांत प्रायोजकाने (फंड उभा करणाऱ्याने) किंवा व्यवस्थापकाने निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, फंडात ठेवलीच पाहिजे. तिसऱ्या वर्गात हेच प्रमाण ५ टक्के किंवा १० कोटी आहे. व्यवस्थापन शुल्क माफ करून हा हिस्सा भरल्याचे दाखवता येत नाही. २०२० पासून माहितीपत्रकाचा नमुना ठरवून दिलेला आहे, फंड त्यानुसार चालला की नाही याचे वार्षिक लेखापरीक्षण होते आणि परताव्याची तुलना समान मापाने करावी लागते. व्यवस्थापन चमूतील प्रमुखांसाठी राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची परीक्षाही आहे. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे परिसर असलेली ही संस्था सेबीनेच स्थापन केली आहे.

नियमनाची खरी कसोटी २०२२ नंतर लागली, आणि तीही हेज फंडांमुळे नव्हे, तर वरवर साध्या दिसणाऱ्या कर्जरोखे फंडांमुळे. व्यवहार असा : एका कंपनीकडे वित्तसंस्थेचे १०० कोटींचे कर्ज थकण्याच्या बेतात आहे. वित्तसंस्था एका फंडात पैसे घालते, फंड त्या कंपनीचे कर्जरोखे घेतो, कंपनी त्या पैशातून वित्तसंस्थेचे कर्ज फेडते. वहीत कर्ज फिटले, बुडीत काही उरले नाही. प्रत्यक्षात जोखीम त्याच वित्तसंस्थेच्या खांद्यावर, फक्त नाव बदलले. काही फंडांत युनिटांचे, म्हणजे फंडातील वाट्यांचे, दोन दर्जे असत : वरच्या दर्जाला परतावा आधी, खालच्या दर्जाला नुकसान आधी. कर्ज देणारी संस्था खालचा दर्जा घेई, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांना ओढता येई. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सेबीने अशा दोन दर्जांच्या योजनांना नवा पैसा स्वीकारण्यास मनाई केली.

रिझर्व्ह बँक १९ डिसेंबर २०२३ रोजी मैदानात उतरली. गेल्या १२ महिन्यांत आपण ज्या कंपनीला कर्ज दिले होते, तिच्यात गुंतवणूक असलेल्या फंडातून बँकांनी व बँकेतर वित्त कंपन्यांनी ३० दिवसांत बाहेर पडावे, नाहीतर त्या गुंतवणुकीइतकी पूर्ण तरतूद करावी, म्हणजे संभाव्य नुकसानासाठी तेवढी रक्कम बाजूला ठेवावी, असा आदेश निघाला. अशा युनिटांना विकत घेणारा सहज सापडत नाही. त्यामुळे अनेक संस्थांना तरतुदी कराव्या लागल्या आणि प्रामाणिक गुंतवणूकही भरडली गेली. २७ मार्च २०२४ च्या खुलाशाने समभागांतील गुंतवणूक वगळली आणि तरतूद संबंधित कंपनीतील हिश्शापुरती केली. एप्रिल २०२४ मध्ये सेबीनेही नियम दुरुस्त करून, फंडाचा वापर कायद्याला बगल देण्यासाठी होत नाही ना, हे तपासण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर टाकली. पैसा कोणाचा आणि तो शेवटी कोणाकडे जातो, हे आता फंडालाच शोधावे लागते. माझ्या मते २०१२ नंतरचा हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

करआकारणीत वर्गभेद आहे : २०१५ पासून पहिल्या दोन वर्गांच्या उत्पन्नावर, व्यवसायाचे उत्पन्न वगळता, कर गुंतवणूकदार भरतो, तिसऱ्या वर्गाला ही सोय नाही.

२९ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ च्या सरसकट मनाईऐवजी मर्यादा आखल्या. एका बँकेचा किंवा वित्त कंपनीचा वाटा योजनेच्या निधीच्या १० टक्क्यांपर्यंत, अशा सर्व संस्थांचा मिळून २० टक्क्यांपर्यंत. आणि वाटा ५ टक्क्यांच्या वर असून फंडाने त्याच संस्थेच्या कर्जदार कंपनीत समभागांखेरीज अन्य प्रकारे पैसा घातला असेल, तर त्या हिश्शाइतकी पूर्ण तरतूद. हे निर्देश लागू करण्याची अंतिम तारीख १ जानेवारी २०२६ ठरवण्यात आली.