लॉबिस्ट नेमका कोण? कॅलिफोर्नियातल्या एका व्याख्येची पार्श्वभूमी

लॉबिंग म्हणजे कायदे आणि सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्यासाठी आमदार-अधिकाऱ्यांना गाठणे; ते पैसे घेऊन करणारा तो लॉबिस्ट. अमेरिकेतल्या राज्यांनी लॉबिंगला सुरुवातीला गुन्हाच ठरवून पाहिले. जॉर्जियाने १८७७च्या राज्यघटनेत तसे लिहूनच टाकले. मॅसॅच्युसेट्सने १८९०मध्ये वेगळी वाट धरली: बंदी नको, नोंदवही ठेवा. त्या वहीत विधिमंडळाच्या समितीसमोर उघडपणे बाजू मांडणारे वकील आणि आमदारांना इतरत्र गाठणारे प्रतिनिधी अशा दोन वेगळ्या याद्या होत्या.

कॅलिफोर्नियाची कथा खऱ्या अर्थाने १९४९मध्ये सुरू होते. दारू उत्पादकांसाठी काम करणाऱ्या एका बड्या लॉबिस्टने मांडीवर बाहुला घेऊन मासिकासाठी छायाचित्र काढून घेतले. बाहुला म्हणजे विधिमंडळ, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. घाईघाईने नोंदणीचा कायदा आला, पण तो दुबळाच राहिला.

खरा कायदा जून १९७४चा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या संतापात मतदारांनी जवळपास ७० टक्के मतांनी तो थेट मंजूर केला. त्यानुसार लॉबिस्टने अधिकाऱ्याला महिन्याला १० डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट देऊ नये. ‘दोन हॅम्बर्गर आणि एक कोक’ असे त्याचे वर्णन तेव्हाच झाले. पन्नास वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, मर्यादा मात्र १० डॉलरच आहे. काम फत्ते झाले तरच फी, असा करारही लॉबिस्टला करता येत नाही.

पण हे सारे लागू कुणाला? बाहेरून नेमलेल्या माणसाचे सोपे आहे: कायदे किंवा सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्यासाठी अधिकाऱ्यांशी थेट संपर्क साधायचा आणि त्यापोटी महिन्याला २,००० डॉलर किंवा अधिक घ्यायचे, म्हणजे तो लॉबिस्ट. घोळ आहे तो कंपनीच्या पगारी नोकराचा. महिन्यातल्या पगारी वेळेपैकी एक तृतीयांश वेळ थेट संपर्कात गेला, तरच तो लॉबिस्ट. अभ्यास, मसुदे, डावपेच यांचे तास धरायचे नाहीत. नोंदणीकृत लॉबिस्टला सोबत घेऊन केलेली भेटही मोजली जात नाही. थोडक्यात, बड्या कंपनीचा ‘शासकीय संबंध’ प्रमुख वर्षभर राजधानीत वावरला तरी नोंदवहीबाहेर राहू शकतो. तास मोजतो कोण? तो स्वतःच.

व्याख्येला एवढे वजन आले ते नंतरच्या निर्णयांमुळे. लॉबिस्टांनी कुणालाच निवडणूक देणगी देऊ नये, ही १९७४ची सरसकट बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये फार व्यापक म्हणून रद्द केली. २०००मध्ये मतदारांनी ती आखूड करून परत आणली: ज्यांच्यावर प्रभाव टाकण्यासाठी नोंदणी आहे, त्यांना देणगी नाही. पुढच्याच वर्षी केंद्रीय न्यायालयात ती टिकली. त्यामुळे नोंदणी करणाऱ्याचे हात बांधले गेले आणि एक तृतीयांशाच्या आत राहणारा मोकळा राहिला. २०१०च्या दुरुस्तीने राज्याच्या पेन्शन निधींकडून गुंतवणूक मिळवून देणारे मध्यस्थही लॉबिस्ट ठरले. एक तृतीयांशाची रेघ मात्र जागची हलली नाही.

जाता जाता: आपल्याकडे ‘साखर लॉबी’ म्हणतात, तेव्हा बरेचदा कारखानदार आमदारच अभिप्रेत असतात. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत ते बसायचेच नाहीत. अधिकृत नात्याने वागणारा निवडून आलेला लोकप्रतिनिधी तिथे लॉबिस्ट ठरत नाही.