खांबाची ताकद जमिनीखाली असते

२३ ऑक्टोबर १९८३ च्या सकाळी लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये एक पिवळा मालट्रक काटेरी तारा तुडवत, पहारेकऱ्यांच्या मधून, अमेरिकी मरीन सैनिकांच्या इमारतीत घुसला. स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक ठार झाले. त्याच शहरात अमेरिकी दूतावासावर एप्रिलमध्ये असाच हल्ला होऊन ६३ जणांचा जीव गेला होता. भरधाव ट्रक जागच्या जागी थांबवेल असं काहीही वाटेत नव्हतं.

तोवर बोलार्ड म्हणजे धक्क्यावर जहाजाचे दोर बांधायचा खुंट, किंवा गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला रोवलेला खांब. त्याने धडक सोसावी अशी अपेक्षाच नव्हती.

१९८५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने पहिलं मानक काढलं. ६,८०० किलोचा ट्रक ताशी ४८, ६४ किंवा ८० किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवायचा आणि तो किती आत जातो ते मोजायचं. वेगानुसार श्रेणी के-४, के-८, के-१२. पुढे मोजमाप ठरलं ते ट्रकच्या नाकापासून नव्हे, हौद्याच्या पुढच्या कडेपासून. कारण बॉम्ब हौद्यात असतो. केबिनचा चेंदामेंदा होऊन इंजिन पलीकडे गेलं तरी हौदा अलीकडे राहिला की इमारत वाचते. बैरूतचा धडा त्या एका कडेत आहे.

वेग हाच खरा शत्रू. तोच ट्रक ४८ वरून ८० वर गेला की धडकेची ऊर्जा सुमारे ०.६ वरून १.७ मेगाज्यूलवर जाते, जवळपास तिप्पट. म्हणून सरळ रस्त्याला वळण देऊन वेग मारणं हे मला जाड खांबाइतकंच मोलाचं वाटतं.

आणि जाडी तरी किती पुरणार? वरचा पोलादी नळ लोकांना दिसतो, पण धडक पचवतो तो खालचा पाया. पाया कच्चा असेल तर खांब न वाकता मुळासकट उलटतो. शहरात खोल खणायला गेलं की जलवाहिन्या आणि केबल आड येतात. त्यातून उथळ पायाचे बोलार्ड आले: अनेक खांब जमिनीखालच्या एकाच पोलादी सांगाड्याला जोडायचे, म्हणजे एकाला बसलेला हिसका सगळा सांगाडा वाटून घेतो. नुसता ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा मात्र धडकेसरशी घसरतो आणि स्वतःच गर्दीवर जातो.

पुढे मानकं वाढली: २००५ मध्ये ब्रिटिश, २००७ मध्ये अमेरिकेतलं एम-३० ते एम-५० श्रेणींचं, २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय. ब्रिटिश मानकाने २५ किलोहून जड तुकडे किती लांब उडतात तेही मोजायला घेतलं.

१४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीस शहरात १९ टनी ट्रकने ८६ जणांना चिरडलं. बॉम्ब नव्हताच, वाहन हेच हत्यार होतं. आता खांब लष्करी फाटकावरून फुटपाथवर आले. दोन खांबांतली मोकळी जागा साधारण १.२ मीटरच्या आत हवी, तरी व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जायला हवी, आणि रुग्णवाहिकेसाठी खांब काढताही आले पाहिजेत.

काढता येणारा खांब नीट राखला नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या बर्बन स्ट्रीटवर दिसलं. तिथल्या सरकत्या बोलार्डच्या खाचांमध्ये मार्डी ग्रा उत्सवात उधळलेल्या माळांचे मणी अडकायचे, यंत्रणा बिघडायची. ती बदलण्याचं काम चालू असताना, १ जानेवारी २०२५ च्या पहाटे, एक पिकअप ट्रक आडव्या लावलेल्या पोलीस गाडीला वळसा घालून फुटपाथवरून आत शिरला. १४ जण मारले गेले.