इंधनावरचा कर उतरला की तिकीटही तेवढंच उतरतं?

दर सुट्टीच्या हंगामात फिरणारा एक मेसेज: ‘अमुक राज्यात विमान इंधनावर कर कमी आहे, तिथल्या विमानतळावरून निघा, तिकीट तितकेच टक्के स्वस्त पडतं.’

यातला अर्धा भाग खरा आहे. विमान इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्यं आपापला व्हॅट (विक्रीवरचा कर) लावतात आणि दरांत मोठी तफावत असते. २०२३ मध्ये मुंबई-पुण्यात हा दर २५ वरून १८ टक्क्यांवर आला. आता गणित करू. १०० रुपयांचं इंधन १२५ ऐवजी ११८ ला पडलं, म्हणजे ५.६ टक्के बचत. खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ टक्के धरला, तर एकूण खर्च दोनच टक्के घटतो. पाच हजारांच्या तिकिटामागे फार तर शंभर रुपये. तेही कंपनीनं सोडले तर! शिवाय इंधन जिथे स्वस्त तिथेच कंपनीला टाकी जास्त भरून आणता येते. मात्र जादा वजन वाहायलाही इंधन जळतं, उतरताना वजनाची मर्यादा असते, म्हणून हा डाव लहान पल्ल्यावरच परवडतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर तर हा व्हॅट नसतोच.

तिकिटाचा तपशील उघडून पाहा. मूळ भाडं, विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी. व्हॅटची ओळ नाही. इकॉनॉमीचा पाच टक्के जीएसटी, ईशान्येकडची राज्यं आणि बागडोगरा यांची सूट सोडली तर, राज्यागणिक बदलत नाही. विमानतळागणिक बदलतं ते वापर शुल्क. गोव्यातले दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ एकाच राज्यात, व्हॅट एकच, तरी हा आकडा वेगळा. तुलना करताना एकाच दिवसाची, साधारण एकाच वेळेची उड्डाणं घ्या, आणि विमानतळापर्यंतचं टॅक्सीभाडं त्यात मिळवा.