सर्रा आणि रक्तातली साखर

पावसाळा सरत आला की रक्त पिणाऱ्या टॅबॅनस माश्या वाढतात आणि येवल्याच्या घोड्यांपासून इगतपुरीकडच्या डांगी बैलांपर्यंत सगळ्यांच्या मालकांना सर्रा या जनावरांच्या रोगाची धास्ती लागते. ताप चढतो-उतरतो, जनावर खंगतं; रोग बळावला तर गोल गोल फिरून कोसळतं. डॉक्टर जंतूवरच्या इंजेक्शनबरोबर ग्लुकोजही चढवतात. ते नुसतं अशक्तपणासाठी नसतं.

१८८० साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी दिसला. रोगाचं मूळ हेच, असं तो म्हणाला. वरिष्ठांनी ते उडवून लावलं. (इव्हान्स शंभरी ओलांडून १९३५ मध्ये वारला, त्यामुळे आपलं खरं ठरलेलं त्याला बघता तरी आलं.) परजीवीला पुढे त्याचंच नाव मिळालं, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

आफ्रिकेत झोपेचा आजार पसरवणाऱ्या ट्रिपॅनोसोमाचा हा भाऊबंद. तो आफ्रिकी जंतू त्सेत्से माशीच्या पोटातही वाढतो आणि तिथे प्रोलिन या अमिनो आम्लावर भागवतो. इव्हान्सीची त्सेत्से सुटली. टॅबॅनस माशी त्याला सोंडेवरून नुसती इकडून तिकडे नेते. माशीतलं आयुष्य गेलं, तशी दुसऱ्या इंधनावर जगण्याची सोयही गेली. उरली रक्तातली साखर.

तीही तो उधळतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून आपल्या पेशी तीसेक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मिळवतात. हा जेमतेम दोन मिळवतो आणि अर्धवट फोडलेली साखर, म्हणजे पायरुव्हेट, तशीच बाहेर टाकतो. वाढायचं तर साखर सपाट्याने संपवणं आलंच. १९७७ मध्ये ओपरडूस आणि बोर्स्ट यांनी दाखवलं की या जंतूंच्या कुळात साखर फोडणारी पहिली सात एन्झाइम ग्लायकोसोम नावाच्या पिशवीत कोंडलेली असतात. आधी वाटलं, ही सोय वेगासाठी. २००० मध्ये बार्बरा बाकर आणि सहकाऱ्यांनी गणिती मॉडेलवरून उलटं सुचवलं: पिशवी नसती, तर सुरुवातीची एन्झाइम बेलगाम सुटून जंतू स्वतःच मेला असता. मला हेच जास्त पटतं.

माणसाच्या रक्तातही साखर असते, पण एपीओएल-१ हे प्रथिन इव्हान्सीला मारून टाकतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला मात्र सर्रा झाला. माणसातली ही जगातली पहिली पक्की नोंद. तपासात कळलं, त्याच्या रक्तात ते प्रथिन काम करतच नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला.