न्यूफाउंडलंड आणि पहिले महायुद्ध

अटलांटिकमधले न्यूफाउंडलंड बेट आज कॅनडात आहे. १९१४ मध्ये मात्र ते ब्रिटिश साम्राज्यातले वेगळे डोमिनियन, म्हणजे आपला कारभार आपण चालवणारा देश, होते. लोकसंख्या जेमतेम अडीच लाख, पोट मुख्यतः कॉड मासळीवर. १८७० मध्ये ब्रिटिश शिबंदी परत गेल्यापासून बेटावर पलटण अशी नव्हतीच. तरी ४ ऑक्टोबर १९१४ रोजी पहिली तुकडी ‘फ्लोरिझेल’ बोटीने निघाली. वसंतात हीच बोट सीलच्या शिकारीला जाई. या तुकडीला ‘निळ्या पट्टीवाले’ म्हणत, कारण पोटऱ्यांना गुंडाळायला खाकी कापड मिळाले नाही. (या पट्ट्यांना इंग्रजीत ‘पटी’ म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या ‘पट्टी’वरूनच गेला.)

१९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत काही महिने काढून ही पलटण फ्रान्समध्ये सोम नदीच्या आघाडीवर आली. १ जुलै १९१६ रोजी बोमाँ-हामेल गावाजवळ हल्ल्याच्या पहिल्या लाटा कापल्या गेल्या होत्या. वर दिसलेला पांढरा प्रकाशबाण यशाची खूण समजून सेनापतींनी पुढची फळी सोडली. पुढे जाणारे खंदक प्रेतांनी आणि जखमींनी तुंबलेले, म्हणून न्यूफाउंडलंडची माणसे मागच्या खंदकातूनच थेट उघड्यावर निघाली. स्वतःच्याच काटेरी तारांमधल्या अरुंद फटींतून त्यांना जायचे होते, आणि जर्मन मशीनगनचा नेम नेमका तिथेच होता. हनुवटी खांद्यात खुपसून, जणू हिमवादळातून घरी चालल्यासारखे ते पुढे सरकत होते, असे पाहणाऱ्याने नोंदवले आहे. अर्ध्या तासात सारे आटोपले. सुमारे ८०० जण चढाईला निघाले होते. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे राहिले. मोठ्या देशाच्या आकडेवारीत ही संख्या बुडून गेली असती. इथे बेटावरच्या खाडीखाडीतल्या कोळीवस्त्यांत वाईट बातमीच्या तारा पोहोचल्या.

रेजिमेंट पुन्हा भरली, लढत राहिली. १९१७ मध्ये तिला ‘रॉयल’ किताब मिळाला. पण बिल मागाहून आले. युद्धाचे कर्ज, त्यात रेल्वेचे, वर जागतिक मंदी. १९३४ मध्ये स्वराज्य गुंडाळून लंडनने नेमलेले आयोग-सरकार आले. १९४८ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने कॅनडाचा कौल पडला आणि १९४९ मध्ये विलीनीकरण झाले.

योगायोग असा, की कॅनडाचा राष्ट्रीय दिनही १ जुलैच. बेटावर त्या सकाळी झेंडे अर्ध्यावर असतात आणि छातीवर ‘फर्गेट-मी-नॉट’ची निळी फुले, उत्सव नंतर. २०२४ मध्ये याच तारखेला फ्रान्समधून आणलेल्या एका अनाम सैनिकाचे अवशेष बेटाची राजधानी सेंट जॉन्स इथल्या युद्धस्मारकात पुरले गेले.