दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं

होळी झाली की नाशिकच्या हवेतला गारवा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, आणि जूनमध्ये मृगाचे ढग येतात. मधले हे जेमतेम १०० दिवस म्हणजे गच्चीवरच्या उन्हाळी भाजीचा सगळा हंगाम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वेल हिरवागार असतो, फुलंही येतात, पण फळ धरत नाही, असं दरवर्षी शेजारीपाजारी ऐकू येतं. बहुतेक जण मग खत वाढवतात. माझं म्हणणं असं की आधी फुलाकडे नीट पाहावं.

दोडका घ्या. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलं आधी लागतात, तीही घोसात. मादी फूल एकेकटं, आणि त्याच्या पाकळ्यांखाली इवलासा दोडका तयारच असतो. पराग मिळाले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. सुरुवातीला नुसती नर फुलं गळतात, त्याची काळजी करू नये.

खरी गोम वेळेची आहे. काकडी, गिलकं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचं काम करून जातात. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं मात्र दिवस कलल्यावर उमलतात. त्यांच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे संध्याकाळी आणि रात्री उडणारे पतंग. उंच इमारतीच्या गच्चीवर ते फारसे दिसत नाहीत. मी एक अख्खा हंगाम रोज सकाळी ब्रश घेऊन दोडक्याजवळ जात होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळची फुलं कोमेजलेली असायची. आता दिवेलागणीला जातो. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दोन-तीन दिवसांत तो दोडका लांबायला लागलेला दिसतो, तेव्हा फार बरं वाटतं.

टोमॅटोची अडचण वेगळी. त्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, वाऱ्याने फूल हललं तरी पुरतं. पण परागकण घडतात ते फूल उमलण्याच्या ८-१० दिवस आधी, बंद कळीत. त्या दिवसांत दुपार ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली तर बरेच पराग निकामी होतात. नंतर फूल कितीही हलवा, उपयोग नाही. फळ धरलंच तरी ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही. म्हणून मेमधला टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतो. टोमॅटोची रोपं थंडीतच लावून मार्चपर्यंत फळं धरू द्यावीत. एप्रिलमध्ये नव्याने लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

पालेभाजीत मी तांदुळजाला पहिला मान देतो. कडक उन्हात पालक, मेथी यांच्या पानांतलं कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनही पकडू लागतं आणि बरीच मेहनत वाया जाते. तांदुळजा, माठ, राजगिरा या एकाच कुळातल्या भाज्या कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करतात आणि पानाच्या आतल्या पेशींमध्ये त्या विकरापुढे दाटीने मांडतात. ही ‘सी-४’ पद्धत हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उलगडली. मका, ऊस, ज्वारीही याच पंथातले. तांदुळजा महिन्याभरात खुडायला येतो.

भेंडी आणि गवारही ऊन सोसतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून मार्चमध्ये टोचलं, तर ४५-५० दिवसांत पहिली भेंडी मिळते. काकडीला मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नका, तिच्यातली कडू द्रव्यं वाढतात.

दुपारी तीनला काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावून पाहा. बाहेरून इतकी तापली असेल, तर कडेची मुळं आत भाजत असतात. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, मातीवर चार बोटं पाचट पसरा आणि पाणी उन्हं वर यायच्या आत घाला.