पार्श्वभूमी : वय आलं कुठून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करवीरच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, खेड्यात पोराचं वय कुणी आकड्यात सांगत नसे. ‘प्लेगाच्या साली झाला’ म्हटलं की पुरे. ढोरं राखण्याजोगं झालं की पोर कामाचं. वयाचा घोळ गादीलाच तेवढा पडे. 1884 साली दत्तक आलेले शाहू महाराज दहाचेही नव्हते. 1894 पर्यंत कारभार दुसऱ्यांच्या हातात राहिला.

त्याच महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1918 साली करवीर पेट्यातल्या (तालुक्यातल्या) चिखलीत शाळा सुरू झाली. मुंबई इलाख्यातला 1918 चा कायदा नगरपालिकांना नुसती मुभा देत होता; इथे पोर न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. मोफत शाळेचं कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते खरी उलथापालथ त्या रुपयाने केली. पोराच्या दिवसावर आता बापाखेरीज दरबाराचाही हक्क आला.

आणि दंड करायचा तर वय हवं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागला की पोर शाळेजोगं, ही गावची मोजणी. हजेरीपटाला तारीख लागे, मग गुरुजी 1 जून लावून मोकळे. गावोगावच्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळे.

दुसरा गुंता ‘अज्ञान’ या शब्दाचा; कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे वयात न आलेला. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, वारस लहान, की त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ लागतं. कायद्याने सज्ञान होण्याचं वय 1875 पासून 18. कोर्टाने पालक नेमला असेल तर 21, हा फरक 1999 मध्ये गेला. शेरा मात्र वयाबरोबर आपोआप जात नाही. तलाठ्याकडे अर्ज, वयाचा पुरावा, मग फेरफार. नातवंडं खेळवणारे कितीतरी आजोबा कागदावर अजून अज्ञान आहेत, आणि जमीन विकायची वेळ आली की ते घरात कळतं. पुरावा म्हणून काय जोडतात? शाळा सोडल्याचा दाखला, 1 जूनचा.

पुढे आकडेच आकडे. मुलीच्या लग्नाचं वय 1929 च्या कायद्यात 14, 1978 पासून 18. मजुरीसाठी 1986 मध्ये 14. शिक्षणहक्क 2009 मध्ये 6 ते 14. लैंगिक अत्याचाराच्या 2012 च्या कायद्यात 18. 2016 मध्ये मजुरीच्याच कायद्यात 14 ते 18 साठी ‘किशोर’ हा नवा कप्पा निघाला आणि 14 च्या आतल्या पोरांना शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीची सूट मिळाली.

ही ‘मदत’ कोल्हापूरच्या उसाच्या फडात बघावी. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर ठरते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पाठीमागून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणारं पोर त्या हिशोबात नसतं, आणि गावाकडच्या शाळेच्या पटावर त्याचं नाव असतं.